आराखडा आणि गोदी

आराखडे एका देशात काढायचे आणि जहाज दुसऱ्या देशात बांधायचे, ही काही इंटरनेटने आणलेली पद्धत नव्हे. 1812 साली ब्रिटिश आरमाराने ‘ट्रिंकोमाली’ या फ्रिगेटचे काम मुंबईच्या गोदीला दिले आणि आराखडे ‘जावा’ या युद्धनौकेवरून धाडले. त्याच डिसेंबरात ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ अमेरिकेच्या ‘कॉन्स्टिट्यूशन’ने जावाचा पाडाव केला आणि आराखडेही गेले. दुसरी प्रत पाठवावी लागली. जमशेदजी बमनजी वाडिया यांनी सागवानात बांधलेले हे जहाज 12 ऑक्टोबर 1817 रोजी पाण्यात उतरले. आज ते इंग्लंडमध्ये हार्टलपूलला आहे. मात्र कागदावर सगळे नसायचे. लहान प्रमाणातल्या रेषा गोदीतल्या लॉफ्टच्या, म्हणजे रेखाटनाच्या मोठ्या दालनाच्या, जमिनीवर पूर्ण आकारात उतरवत. लवचीक पट्टी वाकवून, वळणात कुठे पोक किंवा खळगा राहिला नाही ना, हे नजरेने पारखत आणि मगच लाकडी फर्मे कापत. कागद आणि जहाज यांच्यामधला हा टप्पा गोदीच्या हातात होता, आणि डिजिटल तंत्राने खरा घाव घातला तो त्याच्यावर.

लाकूड जाऊन पोलाद आले तरी लॉफ्ट टिकला. 1960च्या दशकात नॉर्वेत ‘ऑटोकॉन’सारख्या प्रणाली तयार झाल्या, वळणे गणिताने जुळू लागली आणि पत्रा कापणाऱ्या यंत्राला थेट आकडे मिळू लागले. पुढे त्रिमितीय मॉडेल आले, त्यात पाइप आणि केबलसुद्धा आल्या. ब्रॉडबँडने फक्त वेग वाढवला, असे कोणी म्हणेल. पण दुरुस्ती पोचायला महिने लागत तेव्हा गोदीला स्वतः निर्णय घ्यावे लागत. आज बदललेले मॉडेल त्याच दिवशी समोर येते आणि निर्णय आराखडा करणाऱ्याकडे सरकतो. कारागिराचे कसब संपले, हा दुसरा आक्षेप मला पटत नाही. वेल्डिंगच्या उष्णतेने पत्रा आकसतो, वाकतो. कोणता सांधा किती ओढून घेईल हे त्याच गोदीत मोजून कळते, आणि ती मापे मॉडेलमध्ये परत गेली नाहीत तर जहाजाचे वेगवेगळे बांधलेले भाग, म्हणजे ब्लॉक, एकमेकांना भिडत नाहीत.

म्हणून प्रश्न यंत्राचा नाही, मॉडेलच्या मालकीचा आहे. 2016 मध्ये भारतासाठीच्या स्कॉर्पीन पाणबुड्यांची हजारो पानांची गोपनीय माहिती फुटली. पाणबुड्या माझगाव डॉकमध्ये बांधल्या जात होत्या, आराखडा मात्र फ्रेंच कंपनीचा होता. याच गोदीतून 1972 साली नौदलात आलेली ‘निलगिरी’ ब्रिटिश लिअँडर वर्गाच्या आराखड्यावर उभी राहिली होती. जानेवारी 2025 मध्ये दाखल झालेल्या नव्या ‘निलगिरी’चा आराखडा भारतीय नौदलाच्या स्वतःच्या विभागाने केला. आपल्या वेल्डरने घेतलेले माप आपल्याच मॉडेलमध्ये नोंदवायला तिच्या बाबतीत परदेशी कंपनीची परवानगी लागत नाही.