कल्याणचा फलाट आणि आजाराची नोंद

१८९७ च्या प्रारंभी जी.आय.पी. रेल्वेने मुंबईबाहेर निघालेल्या प्रवाशाला कल्याण ओलांडणे सोपे नव्हते. पुण्याचा आणि नाशिकचा मार्ग येथेच फुटतो, म्हणून प्लेगची तपासणीही येथेच बसवण्यात आली. प्रवाशांना उतरवून ताप आणि काखेतल्या-जांघेतल्या गाठी पाहिल्या जात. संशय आला की प्रवास तेथेच संपे.

या सक्तीला ४ फेब्रुवारी १८९७ च्या साथरोग कायद्याचे बळ होते. विरोध मात्र त्याहून जुना. ऑक्टोबर १८९६ मध्ये रुग्णांना सक्तीने हलवण्याचा आदेश निघाला आणि २९ तारखेला गिरणी कामगारांच्या जमावाने मुंबईच्या आर्थर रोड रुग्णालयावर हल्ला केला. पुढे लोक रुग्ण लपवू लागले, मृत्यूचे कारण भलतेच सांगू लागले.

सरकारी लेखनात याला अज्ञान म्हटले गेले. ते अपुरे आहे. नोंद झाल्यावर काय घडते, हे लोक डोळ्यांनी पाहत होते : रुग्ण रुग्णालयात, कुटुंब विलगीकरण छावणीत आणि मुंबईतल्या कित्येक घरांच्या भिंतींवर 'यू.एच.एच.', अर्थात मनुष्यवस्तीस अयोग्य, अशी रंगवलेली अक्षरे. भीती औषधाची होती, तशीच नोंदीचीही होती.

शंभर वर्षांनी हाच प्रश्न मुंबई उच्च न्यायालयापुढे आला. एका सार्वजनिक उपक्रमात रोजंदारीवर असलेल्या कामगाराला एचआयव्हीच्या अहवालामुळे काम नाकारले गेले होते. १९९७ च्या निकालात न्यायालयाने ते बेकायदा ठरवले. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, त्याला खरे नाव झाकून दाद मागू दिली. निकालात तो केवळ 'एमएक्स' आहे.

मार्च २०२० मध्ये तोच १८९७ चा कायदा पुन्हा लागू झाला. गृहविलगीकरणातील व्यक्तींच्या डाव्या हातावर शिक्का मारण्याचे राज्य सरकारने ठरवले. काही दिवसांतच जर्मनीहून आलेल्या चार प्रवाशांना पालघर स्थानकात गाडीतून उतरवण्यात आले. हातावरचे शिक्के सहप्रवाशांनी वाचले होते. (पालघर २०१४ पर्यंत ठाणे जिल्ह्यातच होते.) नोंद वैद्यांसाठी होती, वाचली डब्याने.

आता ही नोंद संगणकात आहे. सप्टेंबर २०२१ मध्ये आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर सुरू झाले. त्याचा 'आभा' क्रमांक १४ अंकी. कागद हरवत नाहीत, जुने अहवाल नव्या डॉक्टरांना मिळतात. ठाण्यात एक आणि डोंबिवलीत दुसरा डॉक्टर गाठणाऱ्या मधुमेही रुग्णाला याचे मोल वेगळे सांगायला नको. रचनेनुसार नोंदी मूळ रुग्णालयातच राहतात आणि रुग्णाच्या संमतीनेच पुढे जातात. क्रमांक घेणेही ऐच्छिक आहे. तरीही लसीकरणाच्या वेळी आधार दाखवलेल्या अनेकांनी, क्रमांक आपल्याला न विचारता तयार झाल्याची तक्रार केली. संमतीचा मजकूर न वाचता बोट टेकवणाऱ्या रांगेत 'ऐच्छिक' या शब्दाला फारसे वजन उरत नाही.

२०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला. आरोग्य-माहितीसाठी २०१८ मध्ये तयार झालेला स्वतंत्र कायद्याचा मसुदा मसुदाच राहिला. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात आजाराच्या माहितीचा वेगळा, अधिक जपणुकीचा वर्गच नाही.