चार पंचांगांचा रस्ता

सॅक बसच्या टपावर जाऊ द्या, पासपोर्ट मात्र कमरेच्या कशातून बाहेर काढू नका. त्याच कशात ट्रॅव्हलर्स चेक, थोडे सुटे डॉलर आणि लसीकरणाचं पिवळं पुस्तक. पुढचे काही आठवडे तुमची ओळख एवढीच.

सन 1977, ऑक्टोबरचा पहिला आठवडा, इस्तंबूल. तुम्ही सुलतानअहमद भागात ‘पुडिंग शॉप’समोर उभे आहात. पाटीवरचं नाव लाले रेस्तराँ, 1957 पासूनचं. पण इथली तांदळाची खीर खाऊन पूर्वेला निघणाऱ्या गोऱ्या पोरापोरींनी त्याचं नव्याने बारसं केलं. आतल्या फळ्यावर चिठ्ठ्या टाचल्या आहेत. कुणाला काबूलपर्यंत सोबत हवी आहे, कुणी मैत्रिणीची माफी मागतंय, कुणाच्या गाडीत दिल्लीपर्यंत दोन जागा रिकाम्या आहेत. तुम्हाला जागा मिळाली ती अशाच एका चिठ्ठीवरून.

बस जुनी, खिडक्या खडखडणाऱ्या. बाकीचे प्रवासी ऑस्ट्रेलियन, इंग्रज, जर्मन. शेजारच्या सीटवर एक डच नर्स. सगळे ‘भारतात चाललो’ म्हणतात. तुम्ही पश्चिम जर्मनीतल्या कारखान्यातलं काम सोडून रत्नागिरीला घरी चालला आहात. त्यांच्या पासपोर्टला फारसं कुणी अडवत नाही. तुमच्या पासपोर्टवर कोणकोणत्या देशांत जाता येईल ते शाईने लिहिलेलं आहे. भारतातून बाहेर पडताना डॉलर मिळवणं व्हिसा मिळवण्याहून अवघड. परकीय चलनावरचा ‘फेरा’ कायदा 1974 पासून लागू आहे. त्यामुळे या रस्त्याने हौसेखातर हिंडणारा भारतीय विरळाच.

बॉस्फरसवरचा पूल 1973 मध्ये खुला झाला. त्याआधी आशियात पाय ठेवायला फेरीबोट लागायची. पुलावर सगळे खिडकीला नाक लावतात. गेल्या मे महिन्यात याच शहरात ताक्सिम चौकात कामगार दिनाच्या सभेवर गोळीबार झाला, हे ड्रायव्हर सांगतो आणि रेडिओ मोठा करतो. अंकारा, सिवास, एर्झुरुम. पठार चढत जातं तसं खिडकीच्या काचेवर आतून दव साचतं. एर्झुरुमला चहाचा छोटा ग्लास दोन्ही तळव्यांत धरून तुम्ही बोटं शेकता. मग डावीकडे 5,137 मीटरचा अरारात उगवतो आणि दिवसभर हलतच नाही.

बाजरगानची सरहद्द. इराणी अधिकारी पिवळं पुस्तक उलटून देवीची लस कधी टोचली ते बघतो. याच महिन्याच्या शेवटी सोमालियात एका तरुणाला देवी येतील, आणि निसर्गात लागण झालेला तो जगातला शेवटचा रुग्ण ठरेल. अधिकाऱ्याला हे ठाऊक असण्याचं कारण नाही. तो शिक्का मारतो. सरहद्दीपलीकडच्या वर्तमानपत्रावर वर्ष छापलंय 2536. गेल्या वर्षी शहांनी हिजरी सौर सनाची गणना मोडून सायरस राजापासून वर्षं मोजायला सुरुवात केली. पासपोर्टात 1977, बाहेर 2536. पुढे अफगाणिस्तानात 1356 लागेल, आणि घरी भिंतीवरच्या पंचांगात शके 1899 असेल. काळातून प्रवास करायला वेगळं यंत्र लागत नाही, एवढे राज्यकर्ते पुरतात.

तेहरानमध्ये बाकीची मंडळी अमीर कबीर रस्त्यावरच्या स्वस्त हॉटेलात पथारी टाकतात. खाली टायरची दुकानं, वर खाटा. संध्याकाळी तुम्ही मात्र चहाच्या टपरीवर ओळख झालेल्या एका विद्यार्थ्याबरोबर निघा. गोएथे इन्स्टिट्यूट आणि इराणी लेखक संघ यांनी मिळून दहा रात्रींचं कवितावाचन ठेवलंय, 10 ते 19 ऑक्टोबर. एका बागेत हजारो माणसं आहेत. खुर्च्या केव्हाच संपल्या. पाऊस सुरू होतो आणि कुणी उठत नाही. छत्र्या उघडतात, वर्तमानपत्रं डोक्यावर जातात. ओल्या गवतावर तुमच्या पायजम्याचा तळ भिजतो. फारसी तुम्हाला कळत नाही, पण एखाद्या ओळीनंतर बागभर जो हुंकार उठतो तो कळतो. विद्यार्थी कानाशी वाकून म्हणतो, ‘सेन्सॉरशिपबद्दल बोलतोय.’ मग उगाच मागे वळून बघतो; गर्दीत सावाकचे, म्हणजे शहांच्या गुप्त पोलिसांचे, लोक असणारच.

तुम्हाला कऱ्हाड आठवतं. 1975 च्या डिसेंबरात, ऐन आणीबाणीत, साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून दुर्गाबाई भागवत बोलल्या होत्या आणि मांडवात यशवंतराव चव्हाण बसले होते. आपल्याकडे ती आणीबाणी गेल्या मार्चमध्ये मतपेटीतून उठली. इथे शहांची राजवट जायला अजून सव्वा वर्ष आहे, आणि त्यानंतर जे येईल त्याची या बागेतल्या कुणाला कल्पना नाही.

मशहद, इमाम रझांच्या दर्ग्याचा सोनेरी घुमट, मग तायबादची चौकी. इथे काचेच्या कपाटात पकडलेल्या चरसाचं प्रदर्शन मांडलंय: कुठे लपवला होता आणि त्याबद्दल कुणाला किती शिक्षा झाली. बसमधले दोघे ते फार लक्ष देऊन वाचतात.

हेरातमध्ये लाल गोंड्यांचे टांगे घुंगरू वाजवत फिरतात. पुढे कंदाहारपर्यंतचा रस्ता सोव्हिएत इंजिनिअरांनी साठच्या दशकात बांधला, काँक्रीटचा. लाद्यांच्या सांध्यावर चाक गेलं की ठक्, परत ठक्. साडेपाचशे किलोमीटरभर हाच ताल. कंदाहारपासून काबूलपर्यंतचा रस्ता अमेरिकनांनी केला, डांबरी. तिथे ठकठक थांबते. दोन महासत्तांनी एकमेकांवर कुरघोडी करायला रस्ते बांधले आणि त्यावरून गिटारवाले गेले. मागच्या बाकावरचा इंग्रज म्हणतो, ‘हा रस्ता आमच्या पिढीने शोधला.’ त्याला सांगा की 1962 मध्ये सतीश कुमार आणि ई. पी. मेनन दिल्लीहून अण्वस्त्रांविरुद्ध पायी निघाले, खैबर ओलांडून मॉस्को, पॅरिसकडे. आणि खिशात पैसा ठेवू नका हा सल्ला त्यांना आमच्या विनोबांचा. यंदाच्या सुरुवातीला प्रद्युम्नकुमार महानंदिया नावाचा ओडिया चित्रकार दिल्लीहून सायकलवर निघाला, वाटेत लोकांची चित्रं काढत स्वीडनला आपल्या माणसाकडे पोचला. शोध लावणाऱ्याला समोरून येणारी माणसं दिसत नाहीत.

कंदाहारमध्ये बस तासभर थांबते. निळसर घुमटाखाली अहमदशहा अब्दालीची कबर आहे. पानिपताच्या गोष्टी ऐकून मोठं झालेल्या माणसाला इथे काय वाटायला हवं ते तुम्हाला ठरवता येत नाही. राखणदार मात्र पाहुणा म्हणून मुठीत बेदाणे ठेवतो. त्याच्या लेखी तो बाबा, देश उभा करणारा.

काबूलला बारा वाजता डोंगरावर तोफ होते आणि सगळे घड्याळं जुळवतात. चिकन स्ट्रीटवर आतून केसाळ असलेले मेंढीच्या कातड्याचे कोट टांगलेत, बदख्शानचा निळा दगड वजनावर विकला जातो. 1973 मध्ये दाऊद खानांनी राजाला हटवून प्रजासत्ताक आणलं. दुकानदाराला त्याहून जास्त रस ‘धर्मात्मा’मध्ये आहे. फिरोज खानने तो इथे येऊन चित्रित केला आणि हेमामालिनी बामियानच्या खोऱ्यात घोड्यावर बसली, हे तो तुम्हालाच समजावून सांगतो.

म्हणून बामियानला जाऊन याच. कच्च्या रस्त्याचा पूर्ण दिवस जातो. लाल कड्यात दोन बुद्ध उभे आहेत, एक 55 मीटरचा आणि एक 38. कड्याच्या अंगाने वाट चढत जाते आणि तुम्ही मोठ्या मूर्तीच्या डोक्यावर बाहेर येता. वर जागा प्रशस्त आहे. कोनाड्याच्या कमानीवर रंग शिल्लक आहेत. खाली बटाट्याची शेतं, पॉप्लरची पिवळी झाडं. पायाजवळ हात लावून बघा: जुन्या मातीच्या गिलाव्याला नव्या गिलाव्याचा सांधा लागतो. हे आपल्या पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याचं काम. 1969 पासून भारतीय आणि अफगाण कारागीर इथे भेगा बुजवतायत, निसटते कडे बांधून घेतायत, आणि यंदा ते पुरं होतंय. राखणदाराला तुम्ही कुठले ते कळतं तसा तो खूश होतो. ‘हिंदुस्तानी मिस्त्री चांगला. आता हजार वर्षं काही होत नाही.’

अशा वेळी काय करायचं ते आधीच ठरवून ठेवा. 2001 च्या मार्चमध्ये या मूर्तींचं काय होईल ते तुम्हाला ठाऊक आहे. या माणसाला ते सांगून काय होणार? मान हलवा आणि त्याने दिलेली भाकरी खा.

खैबरच्या तोंडाशी तोरखमला बस उजवीकडून डावीकडे येते आणि ड्रायव्हर पहिले काही किलोमीटर स्वतःशी पुटपुटत चालवतो. पेशावरनंतर अटकेला सिंधू ओलांडता. राघोबादादांच्या फौजेचा पराक्रम शाळेत पाठ केलेला असतो. तुम्ही निघालात अटकेपलीकडून अलीकडे, हातात दोन केळी घेऊन. लाहोरमध्ये जुलैपासून लष्करी राजवट आहे. जनरल झियांनी ऑक्टोबरातल्या निवडणुका पुढे ढकलल्या, आणि इथल्याच उच्च न्यायालयात भुट्टोंवर खुनाचा खटला सुरू झालाय. परदेशी मंडळी बसमधूनच जातात. तुम्ही लाहोर स्टेशनवर समझोता एक्सप्रेस पकडता. ती 1976 च्या जुलैत सुरू झाली. डब्यात म्हाताऱ्या बायका बोचकी सांभाळत बसल्यात. त्यातली एक फाळणीनंतर पहिल्यांदा बहिणीला भेटायला चाललीय. तिच्या मानाने तुमचा प्रवास सहल आहे.

अमृतसरला बस पुन्हा गाठता. ऑस्ट्रेलियन पोरगा धावत कोका-कोला मागायला जातो. दुकानदार म्हणतो, कंपनी देश सोडून चालली. तोच ‘फेरा’ कायदा, वेगळं गिऱ्हाईक. पानिपत रात्री झोपेत निघून जातं. दिल्लीत मंडळी फुटतात. काही काठमांडूला जातात, तिथली चरसाची दुकानं 1973 मध्येच बंद झाली हे ऐकूनही. डच नर्स गोव्याला निघते, तुम्ही रत्नागिरीला. मुंबईपर्यंत रेल्वे, पुढे भाऊच्या धक्क्यावरून मोगल लाइनची बोट.

डेकवर चटया पसरून चाकरमानी बसलेत. शेजारच्या आजी नर्सच्या सॅककडे बघून तुम्हाला विचारतात, ‘कुठून येणं झालं?’ जर्मनीहून, म्हटल्यावर दुसरा प्रश्न, ‘विमानाचे पैसे नव्हते?’ नव्हते असं नाही, म्हटल्यावर त्या विषय सोडतात आणि तिला भाजणीचा वडा देतात. तिला हणजूणला बुधवारच्या बाजारात झोपायची पिशवी आणि जाड बूट विकायचे आहेत. तिथे परदेशी पोरं असंच सामान विकून चार महिने काढतात. मग उन्हाळ्यात ती याच रस्त्याने परत जाणार, सावकाश, बामियानला महिनाभर राहून.

तुम्ही मनात तारखा मांडता. 27 एप्रिल 1978: काबूलमध्ये रणगाडे, दुसऱ्या दिवशी दाऊद ठार. 16 जानेवारी 1979: शहा इराण सोडून जातात. डिसेंबर 1979: त्या ठकठक रस्त्यावरून सोव्हिएत फौज. वीस वर्षं हा रस्ता उघडा होता कारण पाचसहा सरकारांना तो बंद करायची गरज भासली नव्हती. चालणाऱ्यांना वाटलं, आपण धाडस केलं. काहींनी केलंही. पण दार आतून उघडणारा कोण आणि बाहेर ताटकळणारा कोण, हे पायांवर ठरत नाही, पासपोर्टवर ठरतं.

रत्नागिरी येते. बोट समुद्रातच उभी राहते आणि किनाऱ्याकडून पडाव निघतात. सॅक खांद्यावर चढवता चढवता तुम्ही ठरवलेलं मोडता.

‘परत जायचं तर मार्चमध्येच काबूल ओलांड,’ तुम्ही तिला सांगता.

‘एवढी घाई का?’

‘एप्रिलमध्ये तिकडची हवा बिघडते.’

‘मी चौकशी केलीय,’ ती म्हणते. ‘एप्रिल सगळ्यात चांगला.’