दीड आण्याचा प्रवास

नगराचा इतिहास लिहिताना आपण किल्ल्यांची, बंदरांची आणि गिरण्यांची दखल घेतो. परंतु त्या नगरातला सामान्य मनुष्य सकाळी घराबाहेर पडून कामाच्या ठिकाणी कसा पोहोचत असे आणि त्यापायी त्याच्या खिशातून काय जात असे, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. मुंबईच्या ट्रामची आणि बसची हकीकत आज सांगावयाची आहे ती या प्रश्नाच्या अनुरोधाने. वाहने बदलली, अधिक वेगवान झाली, हे सर्वश्रुतच आहे. ती सुधारणा कोणाच्या वाट्याला आली, हे पाहू लागले म्हणजे मात्र तिकिटाच्या दराकडे वळावे लागते.

मुंबईच्या रस्त्यावर पहिली ट्राम धावली ती ९ मे १८७४ रोजी. स्टर्न्स अँड किट्रेज या अमेरिकन पेढीने हा उद्योग अंगावर घेतला होता. एक मार्ग कुलाब्याहून क्रॉफर्ड मार्केटवरून पायधुणीला जाई, दुसरा बोरीबंदरहून काळबादेवीमार्गे त्याच पायधुणीला. गाड्या मोजक्याच, आणि त्या ओढावयास २०० घोडे. खडबडीत रस्त्यावर जे ओझे घोड्यांच्या छातीला बसे, तेच लोखंडी रुळांवरून ते सहज ओढीत; घोड्याच्या ट्रामचे सारे अर्थशास्त्र एवढ्या एका गोष्टीवर उभे होते. कुलाबा ते पायधुणी भाडे होते तीन आणे, आणि गंमत अशी की आरंभी तिकीट म्हणून काही देतच नसत. लोक येऊ लागले तसे भाडे दोन आण्यांवर उतरले. त्याच वर्षी पुढे तिकिटे छापावी लागली, कारण फुकट प्रवास करण्याची कलाही लोकांना तितक्याच लवकर अवगत झाली होती! स्वस्ताईने गर्दी वाढते आणि गर्दीने स्वस्ताई परवडते, हा धडा मुंबईला पहिल्याच वर्षी मिळाला. पुढे तो कितीदा विसरला गेला, हे आपण पाहणारच आहोत.

तीस वर्षांत घोड्यांची संख्या १,३६० झाली. घोडा थकतो, आजारी पडतो, आणि गाडी तबेल्यात उभी असली तरी चारा खातच राहतो. विजेला या अडचणी नाहीत. १९०५ साली बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज कंपनी स्थापन झाली आणि ७ मे १९०७ रोजी विजेची पहिली ट्राम निघाली. १९२० मध्ये दुमजली ट्रामही आली. शहराला वीज विकणारी आणि ट्राम चालविणारी संस्था एकच होती, हे मात्र येथे ध्यानात ठेवावयास हवे; शंभर वर्षांनी त्याचे महत्त्व फार वाढणार होते.

बसची कल्पना या कंपनीपुढे १९१३ पासूनच होती. ती प्रत्यक्षात आली १५ जुलै १९२६ रोजी, अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट या मार्गावर. त्या वर्षाच्या अखेरीपर्यंत ६ लाख प्रवाशांनी बसचा लाभ घेतला, दुसऱ्या वर्षी ३८ लाखांनी. आकडे उत्साहवर्धक खरे. पण बसमध्ये बसत होते कोण? ससून डॉकपासून दादरपर्यंतचा लांबलचक पल्ला ट्राम दीड आण्यात गाठून देई. त्याच प्रवासाला बसमध्ये चार आणे पडत. म्हणजे बस ही सुस्थितीतल्या मध्यमवर्गाची, आणि ट्राम गोरगरिबांची, अशी वाटणी तिकिटानेच करून टाकली होती. बसला वेग होता. परंतु अडीच आणे वाचविण्यासाठी अर्धा तास अधिक खर्च करणारा मनुष्य वेळेचे मोल जाणत नाही असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. त्याच्या दृष्टीने अडीच आणेच मोलाचे होते.

ही वाटणी केवळ मुंबईचीच नव्हे. कलकत्त्याच्या ट्राममध्ये तर पहिला आणि दुसरा असे वर्गच होते. १९५३ च्या जुलै महिन्यात तेथील ट्राम कंपनीने दुसऱ्या वर्गाचे भाडे एका पैशाने वाढविले, आणि सारे शहर पेटून उठले. लोकांनी ट्रामवर बहिष्कार घातला, हरताळ पाडले, पोलिसांशी चकमकी झाल्या. अखेर ती वाढ मागे घ्यावी लागली. एक पैसा म्हणजे काय, असे बाहेरच्याला वाटेल. रोज दोनदा, महिन्यातून पंचवीस दिवस तो पैसा मोजणाऱ्याला तसे वाटत नव्हते.

मुंबईत ७ ऑगस्ट १९४७ रोजी, स्वातंत्र्याच्या अवघ्या आठ दिवस आधी, ही सारी वाहतूक आणि वीजपुरवठा महापालिकेच्या मालकीचा झाला. 'बेस्ट' हे नाव कायम राहिले, फक्त त्यातील 'ट्रामवेज'च्या जागी 'ट्रान्सपोर्ट' आले. एका शब्दाच्या या बदलात पुढचे भविष्य दडलेले होते. १९५० मध्ये महापालिकेची हद्द अंधेरी व घाटकोपरपर्यंत आणि १९५७ मध्ये दहिसर व मुलुंडपर्यंत गेली. शहर उत्तरेकडे धावू लागले; रूळ मात्र जेथे होते तेथेच राहिले. नवे रूळ टाकणे खर्चाचे. बसला केवळ रस्ता हवा. शिवाय एक ट्राम बिघडली की मागची सारी रांग खोळंबे, आणि भर रस्त्याच्या मध्यावर चढण्या-उतरण्याने वाढत्या मोटारींची अडचण होई. (मोटारींमुळे ट्रामची अडचण होते, असे कोणी म्हटल्याचे ऐकिवात नाही.) १९५३ पासून एकेक मार्ग बंद होत गेला. ३१ मार्च १९६४ च्या रात्री दहाच्या सुमारास शेवटची ट्राम बोरीबंदरहून दादरकडे निघाली, ती खचाखच भरून. तिला निरोप द्यावयास दुतर्फा लोक उभे होते. दादरच्या टी.टी.मधील ती दोन अक्षरे म्हणजे 'ट्राम टर्मिनस'. स्थानक गेले, नाव राहिले.

ट्राम गेली ते योग्य झाले की नाही यावर आजही वाद घालता येईल. माझ्या मते, रूळ उखडले यापेक्षा स्वस्त प्रवासाचे ओझे पूर्णपणे बसवर येऊन पडले, ही अधिक महत्त्वाची गोष्ट. ते ओझे बसने दीर्घकाळ वाहिले, याचे कारण वीज. विजेच्या व्यवहारातून मिळणाऱ्या उत्पन्नाने वाहतुकीची तूट भरून निघे. १९०५ च्या त्या जुळ्या उद्योगाचे हे फळ होते. पुढे हा आधार आटला, भाडी वाढली, प्रवासी रिक्षा-टॅक्सीकडे आणि स्वतःच्या दुचाकीकडे वळले.

९ जुलै २०१९ रोजी बेस्टने एकाएकी किमान भाडे ८ रुपयांवरून ५ रुपयांवर आणले, आणि प्रवासी लाखांच्या संख्येने परतले. १८७४ चाच अनुभव तो. मात्र या वेळी गर्दीच्या बळावर तूट भरून निघाली नाही. संस्थेच्या स्वतःच्या मालकीच्या गाड्या घटत गेल्या, त्यांची जागा कंत्राटी गाड्या घेऊ लागल्या, आणि १९३७ पासून शहराची ओळख बनलेल्या दुमजली बसपैकी डिझेलवरची शेवटची १५ सप्टेंबर २०२३ रोजी रस्त्यावरून गेली. विजेच्या वातानुकूलित दुमजली गाड्या तत्पूर्वीच आल्या होत्या. त्या सुंदर आहेत. थांब्यावर ताटकळणाऱ्याला मात्र गाडीच्या सौंदर्यापेक्षा गाड्यांच्या संख्येची चिंता अधिक. ९ मे २०२५ पासून किमान भाडे १० रुपये झाले, वातानुकूलित गाडीचे १२.