हप्त्यावर मोबाईल घेताय? लॉक, सिबिल आणि ‘झिरो टक्क्या’चा हिशेब आधी बघा

सोयाबीनचे पैसे हातात आले की किंवा दिवाळी तोंडावर आली की तालुक्याच्या गावी मोबाईल दुकानांवर बोर्ड झळकायला लागतात. ‘झिरो डाउन पेमेंट’, ‘झिरो टक्के व्याज’, ‘जुना द्या, नवा न्या’. आधार कार्ड, पॅन कार्ड, बँक पासबुक आणि एक-दोन ओटीपी, एवढ्यावर अर्ध्या तासात पंधरा-वीस हजारांचा फोन खिशात येतो. यात सगळी फसवणूकच असते असं म्हणणं बरोबर नाही. रोख रक्कम नसताना चांगला फोन मिळतो आणि हप्ते वेळेवर गेले तर कर्जाची पतही सुधारते. मात्र घेणाऱ्यातल्या बऱ्याच जणांना हे माहीतच नसतं की आपण दुकानदाराची उधारी नाही तर एका फायनान्स कंपनीचं किंवा बँकेचं कर्ज घेतलंय. दुकानदाराला त्याचे पैसे लगेच मिळतात. पुढे हप्त्याचं काही बिनसलं तर तो हात वर करतो, आणि कायद्याने त्याचं फारसं चुकतही नाही.

हप्त्यावर फोन घेणं आपल्याकडे नवीन नाही. 2003 च्या पावसाळ्यात रिलायन्सने 501 रुपये भरून फोन देण्याची ‘मान्सून हंगामा’ योजना आणली होती, ती चाळिशीच्या पुढच्यांना आठवत असेल. तो फोन फक्त त्याच कंपनीच्या नेटवर्कवर चालायचा. 2017 ला जिओफोन आला, 1,500 रुपये अनामत, आणि त्यातही सिम जिओचंच. नोव्हेंबर 2021 मध्ये आलेला जिओफोन नेक्स्ट एकरकमी 6,499 रुपयांना होता. हप्त्यावर घ्यायचा तर 1,999 रुपये आणि 501 रुपये प्रोसेसिंग फी भरून पुढे 18 किंवा 24 महिने हप्ते, रिचार्ज त्यातच. हप्ता थकला तर फोन लॉक करण्याची सोय त्यात आधीपासूनच होती.

‘अनलॉक’ म्हणजे नेमकं काय

लॉक दोन प्रकारचे असतात आणि दुकानात बोलताना त्यांची सरमिसळ होते. पहिला सिमचा लॉक. फोन एकाच कंपनीच्या सिमवर चालतो, दुसरं सिम घातलं की घेत नाही. भारतात दुकानातून घेतलेल्या बहुतेक स्मार्टफोनना हा लॉक नसतो. पण अमेरिकेतल्या पाहुण्याने तिथून आणून दिलेल्या फोनला तो असू शकतो, कारण तिकडे मोबाईल कंपन्याच हप्त्यावर फोन देतात. एटी अँड टी ही तिथली मोठी कंपनी हप्ते पूर्ण फिटल्याशिवाय लॉक काढून देत नाही. आयफोन असेल तर सेटिंग्जमध्ये जनरल, त्यात अबाऊट उघडायचं. तिथे कॅरियर लॉकपुढे ‘नो सिम रिस्ट्रिक्शन्स’ लिहिलेलं असेल तर आपलं कुठलंही सिम चालेल.

दुसरा हप्त्याचा लॉक, आणि आपल्या भागात खरी अडचण याचीच आहे. हप्त्यावर फोन देताना काही फायनान्स कंपन्या त्यात एक अ‍ॅप बसवून देतात. फोनच्या आयएमईआय नंबरवर त्याची नोंद असते, त्यामुळे साधारणपणे फोन रिसेट मारला तरी ते परत येतं. हप्ता चुकला की आधी स्क्रीनवर सूचना, मग फोन बंद. सिम दुसरीकडूनही चालेल असलं तरी हा लॉक लागला की फोन विटेसारखा पडून राहतो. हा लॉक असावा की नसावा यावर वाद सुरू आहे. रिझर्व्ह बँकेने कर्जदारांचे फोन लॉक करणं थांबवायला सांगितल्याच्या आणि नंतर काही अटींवर परवानगी देण्याचा विचार सुरू असल्याच्या बातम्या सप्टेंबर 2025 मध्ये आल्या होत्या. म्हणून घेतानाच सरळ विचारावं, ‘यात लॉकचं अ‍ॅप आहे का, आणि शेवटचा हप्ता गेल्यावर ते कोण काढून देणार?’ सेटिंग्जमध्ये सिक्युरिटीखाली डिव्हाइस अ‍ॅडमिन अ‍ॅप्स असा भाग असतो, तिथे अनोळखी नाव चालू दिसलं तर समजायचं.

शेतकऱ्याच्या घरात फोन बंद पडणं म्हणजे नुसतं बोलणं बंद होणं नाही. ई-पीक पाहणी फोनवरूनच करायची असते आणि तिला मुदत असते. बँकेचे ओटीपी, यूपीआय, पोरांचा अभ्यास, सगळं त्याच एका डब्यात. लॉक लागलाच तर निदान सिम काढून घरातल्या दुसऱ्या फोनमध्ये टाकावं, म्हणजे नंबर आणि ओटीपी तरी चालू राहतात.

झिरो टक्क्याचा हिशेब

एक उदाहरण घेऊ. बोर्डावर फोनची किंमत 18,000 आहे. रोखीने घेतला तर दुकानदार 1,000 सोडतो, म्हणजे 17,000. हप्त्यावर ही सूट नाही. आधी 3,000 भरायचे, उरलेल्या 15,000 चे 1,500 प्रमाणे दहा हप्ते. दिसायला व्याज शून्य. वर प्रोसेसिंग फी 700 आणि तिच्यावर 18 टक्के जीएसटी 126 रुपये. बिलात न विचारता घातलेलं मोबाईल प्रोटेक्शन 999. सगळं धरून 19,825 होतात. रोखीपेक्षा 2,825 जास्त. प्रोटेक्शन बाजूला ठेवून फक्त गेलेली सूट आणि फी धरली तरी व्याजाचा दर वर्षाला 29 टक्क्यांच्या आसपास पडतो. तोच शेतकरी सोसायटीतून 3 लाखांपर्यंतचं पीक कर्ज काढतो आणि वेळेत भरलं तर पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेत त्याला व्याज लागत नाही.

रिझर्व्ह बँकेने 17 सप्टेंबर 2013 च्या परिपत्रकात बँकांना स्पष्ट सांगितलं होतं की शून्य टक्के व्याज अशी गोष्टच नसते, व्याज प्रोसेसिंग फीमध्ये दडवलं जातं. तरी बोर्ड अजून तेच आहेत. प्रत्येक दुकानात हिशेब असाच निघेल असं नाही, काही वेळा कंपनी खरोखर स्वतःच्या खिशातून व्याज सोसते. म्हणून दुकानात दोनच आकडे विचारायचे. आज रोख दिले तर किती, आणि हप्त्यावर शेवटपर्यंत सगळे मिळून किती.

हे तोंडी मान्य करू नका. 1 ऑक्टोबर 2024 पासून मंजूर होणाऱ्या अशा प्रत्येक कर्जासाठी ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ नावाचा कागद देणं रिझर्व्ह बँकेने सक्तीचं केलंय. तो कर्जदाराला समजेल अशा भाषेत हवा, म्हणजे मराठीत मागण्याचा हक्क आहे. त्यात सगळे खर्च धरून वर्षाचा दर लिहिलेला असतो आणि विम्यासारखे तिसऱ्याचे चार्जही त्यात धरावे लागतात. त्या कागदावर नसलेला चार्ज तुमच्या स्पष्ट संमतीशिवाय लावता येत नाही. गर्दीच्या दिवशी पोऱ्या म्हणेल, ‘काका, ते मोबाईलवर येतं, तुम्ही ओटीपी सांगा फक्त.’ आधी कागद उघडून बघायचा, मग ओटीपी. ओटीपी दिला म्हणजे सही केली.

हप्ता महिन्याला, पैसा हंगामाला

पगारदार माणसाला दर महिन्याच्या 5 तारखेचा हप्ता जड जात नाही. शेतकऱ्याचा पैसा वर्षातून दोनदा येतो, दूध असेल तर दहा-पंधरा दिवसांनी थोडा थोडा. नोव्हेंबरात घेतलेल्या फोनचे दहा हप्ते पुढच्या ऑगस्ट-सप्टेंबरपर्यंत जातात, आणि जून-जुलैत बी-बियाणं, खत यातच खातं रिकामं होतं. नेमका तेव्हा हप्ता बाउन्स होतो.

बाउन्सचा दंड दोन्हीकडून बसतो. समजा फायनान्स कंपनीने 500 लावले आणि बँकेने 250 अधिक जीएसटी म्हणजे 295, तर 1,500 च्या एका हप्त्यामागे 795 रुपये गेले. शिवाय ज्या खात्याला ऑटो डेबिट जोडलंय त्यात पीएम किसानचे 2,000 किंवा पीक विम्याची रक्कम आली की थकलेला हप्ता त्यातून वळता होऊ शकतो. म्हणून अनुदानाचं खातं हप्त्याला न दिलेलं बरं. शक्य असेल तर माल विकल्यावर सहा हप्त्यांची मुदत घ्यावी आणि पैसे लगेच बाजूला टाकावेत. मुदतीआधी कर्ज फेडायचं असेल तर त्याला काही चार्ज आहे का, तेही त्याच कागदावर असतं. दंडाच्या रकमेवर पुन्हा व्याज चढवायला रिझर्व्ह बँकेची मनाई आहे, हे लक्षात असू द्यावं.

पंधराशेच्या हप्त्याची नोंद सिबिलसारख्या चार कंपन्यांकडे जाते, आणि 1 जानेवारी 2025 पासून ही माहिती दर पंधरा दिवसांनी जायला लागली आहे. पीक कर्जासाठी सिबिल मागू नका असं राज्य सरकारने बँकांना वारंवार बजावलंय, तरी ट्रॅक्टर, गाय-म्हैस किंवा पोरीच्या शिक्षणाचं कर्ज काढायला गेलं की आधी तेच उघडतात. तिथे जुन्या मोबाईलचा एखादा थकलेला हप्ता निघाला की साहेब फाईल बाजूला सारतात.

यात सगळ्यात वाईट फसतो तो दुसऱ्यासाठी नाव देणारा. भाच्याला फोन हवाय, त्याचं कर्ज बसत नाही, म्हणून मामाच्या आधार-पॅनवर घेतला. हप्ते भाचा भरणार असं ठरतं. पण कागदावर कर्जदार मामाच असतो, वसुलीवालाही त्याच्याच दारात येतो. नात्यात हे बोलायला अवघड जातं, हे खरं. तरी द्यायचंच असेल तर रोख उसने द्यावेत, नाव देऊ नये.

वर्षाने नवा फोन देणारी योजना

महागड्या फोनवर आता वेगळी योजना सांगतात. अमेरिकेत अ‍ॅपलने 2015 मध्ये अशी सुरू केली. फोन अनलॉक मिळतो, 24 हप्ते, आणि 12 भरून झाले की जुना परत करून नवा घ्यायचा. आपल्याकडे तिची वेगवेगळी रूपं दुकानात दिसतात. समजा फोन 40,000 चा आहे. बारा महिने 2,000 भरले, 24,000 झाले. वर्षाने तीन वाटा असतात. उरलेले 16,000 भरून फोन कायमचा ठेवायचा, फोन परत करून मोकळं व्हायचं, किंवा परत करून पुन्हा नवे हप्ते सुरू करायचे.

हे शहरातल्या माणसाला जमू शकतं. शेतात वापरलेल्या फोनचं काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे. फवारणीच्या पंपाशेजारी ठेवलेला, मोटरीच्या पेटीवरून पडलेला, ट्रॅक्टरवर हादरे खाल्लेला. परत देताना काचेला तडा असला, बॅटरी उतरलेली असली तर 16,000 पुरते धरले जात नाहीत आणि फरक आपल्याला भरावा लागतो. मूळ बिल, खोका, चार्जर सांभाळा आणि परतीच्या अटी लेखी घ्या. जुनं कर्ज बंद झाल्याचं पत्र मिळाल्याशिवाय नव्या हप्त्याला ओटीपी देऊ नका, नाहीतर जुनं कर्ज चालूच राहून एकाच वेळी दोन कर्जं नावावर दिसतील.

शेवटचा हप्ता गेल्यावर

हप्ते संपले की बहुतेकजण विसरून जातात. कंपनीकडून नो ड्यूज म्हणजे एनओसी घ्यायची, लॉकचं अ‍ॅप काढून घ्यायचं, बँकेत ऑटो डेबिट बंद झालं का बघायचं. दोनेक महिन्यांनी सिबिलचा रिपोर्ट काढून कर्ज ‘क्लोज्ड’ दिसतंय का तपासायचं. चारही कंपन्यांकडून वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो, त्यासाठी कुणाला दोनशे रुपये द्यायची गरज नाही. चुकीची नोंद दुरुस्त करून मागितल्यावर 30 दिवसांत काम झालं नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला 100 रुपये भरपाईची तरतूद आहे.

जुना फोन विकत घेणाऱ्यानेही ही एनओसी मागावी. आठवडी बाजारात स्वस्तात मिळालेला फोन महिन्याभरात लॉक झाला तर विकणारा सापडत नाही. स्टार हॅश शून्य सहा हॅश डायल केलं की पंधरा आकडी आयएमईआय दिसतो. मेसेजमध्ये इंग्रजीत केवायएम ही तीन अक्षरं लिहून, एक जागा सोडून तो नंबर 14422 वर पाठवला की फोन चोरीचा म्हणून ब्लॉक झालेला आहे का ते कळतं. मात्र हप्ते बाकी आहेत का, हे त्यात कळत नाही. ते बिल आणि एनओसीवरूनच बघावं लागतं.

वसुलीवाल्याला सकाळी 8 च्या आधी आणि संध्याकाळी 7 नंतर थकबाकीसाठी फोन करता येत नाही, धमकी किंवा नातेवाइकांसमोर अपमान तर अजिबात नाही. असं झालं, न सांगता चार्ज लावला किंवा हप्ते फिटूनही एनओसी दिली नाही तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करून तिचा नंबर घ्यावा. 30 दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे फुकट तक्रार करता येते. माहितीसाठी 14448 हा नंबर आहे. तक्रारीला कर्जाचा कागद, पावत्या आणि खात्याचा उतारा जोडावा लागतो, म्हणून फोनचं बिल फोनच्या खोक्यातच ठेवलेलं बरं.