द्विघाती फलनाच्या आलेखाचे स्थानांतरण

द्विघाती फलनाचा आलेख अन्वस्त असतो. य = क्ष² या अन्वस्ताचा आकार न बदलता तो आडव्या दिशेने च व उभ्या दिशेने ट एकके सरकवला, की य = (क्ष − च)² + ट हा आलेख मिळतो; त्याचा शिरोबिंदू (च, ट). धन ट आलेखास वर नेतो, ऋण ट खाली. घोटाळा होतो तो आडव्या स्थानांतरणात: (क्ष − ३)² मध्ये वजा चिन्ह असूनही आलेख उजवीकडे जातो, कारण कंसाची किंमत शून्य होण्यासाठी क्ष = ३ असावा लागतो.

पूर्ण वर्ग पद्धतीने क्ष² − ६क्ष + ११ = (क्ष − ३)² + २. येथे शिरोबिंदू (३, २) असल्याने आलेख क्ष-अक्षाला छेदत नाही; छेदासाठी (क्ष − ३)² = −२ व्हावे लागेल, जे वास्तव संख्यांत अशक्य आहे. ऋण संख्येला वर्गमूळ नसते, हे महावीराचार्यांनी नवव्या शतकातच 'गणितसारसंग्रह' या ग्रंथात नोंदवले होते. सोलापूरच्या जैन संस्कृति संरक्षक संघाने हा ग्रंथ हिंदी अनुवादासह १९६३ मध्ये प्रकाशित केला.