माँत्रोतला डिसेंबर

४ डिसेंबर १९७१, शनिवार. तुम्ही स्वित्झर्लंडमध्ये जिनिव्हा सरोवराच्या काठी उभे आहात. गावाचं नाव माँत्रो. समोर राखाडी पाणी, पाण्यापलीकडे आल्प्सच्या रांगा आणि मागे, उन्हाळी पाहुणे निघून गेल्यावर सुस्तावलेली मोठमोठी हॉटेलं. थंडी अशी, की कोटाच्या खिशातून हात काढवत नाही. त्याच खिशात तुमचं तिकीट आहे. आज दुपारी कॅसिनोत अमेरिकन संगीतकार फ्रँक झप्पा वाजवणार आहे.

या कॅसिनोत जुगाराची टेबलं आहेत, तसं एक मोठं सभागृहही आहे. १९६७ पासून इथे जॅझ महोत्सव भरतो. तो उभा करणारा क्लॉड नोब्स तुम्हाला इथेच कुठेतरी धावपळ करताना दिसेल. वय पस्तीस, शिकला तो आचाऱ्याचं काम आणि नोकरी करतो पर्यटन कार्यालयात. जगभरचे वादक आपल्या या लहानशा गावात आले पाहिजेत, असं त्याच्या मनाने घेतलं आहे.

आत शिरताना दोन लांब केसांचे इंग्रज तुमच्या शेजारून जातात. इयन गिलन आणि रॉजर ग्लोव्हर. डीप पर्पल या बँडमध्ये एक गातो, दुसरा बेस वाजवतो. आजचा कार्यक्रम झाला की कॅसिनो हिवाळ्यासाठी बंद होणार आणि रिकामं सभागृह यांच्या ताब्यात येणार. मंचावर आपण जसे वाजतो तसे स्टुडिओत वाजत नाही, ही त्यांची जुनी खंत. म्हणून नवा अल्बम त्यांना खऱ्याखुऱ्या सभागृहात मुद्रित करायचा आहे. त्यासाठी रोलिंग स्टोन्सच्या मालकीचा, ट्रकवर बसवलेला फिरता स्टुडिओ भाड्याने घेतला आहे.

दिवे मंदावतात. झप्पाचे साथीदार रंगात आले आहेत, सिंथेसायझरवर एकट्याचं वादन चालू आहे. तेवढ्यात तुमच्या मागून कोणीतरी सिग्नलची पिस्तूल छताकडे झाडतो. छत वेताबांबूने सजवलेलं. आधी एक ठिणगी, मग कोपऱ्यात लाल झाक. काही जण हसतात, त्यांना तो कार्यक्रमाचाच भाग वाटतो. झप्पा वादन थांबवतो आणि लोकांना शांतपणे दारांकडे जायला सांगतो. आवाज अजिबात न चढवता. त्या दिवशी श्रोत्यांतल्या एकाने टेप चालू ठेवली होती. ती पुढे अधिकृतपणे बाजारात आली, त्यामुळे हा आवाज आजही ऐकता येतो. मला त्या टेपमधलं सगळ्यात मोलाचं वाटतं ते हेच: समोर हजारोंची गर्दी, डोक्यावर आग, आणि माणूस घाई करत नाही.

तुम्ही बाहेर पडता. पण सगळे बाहेर पडलेले नाहीत. काही मुलं भांबावून आतच राहिली आहेत. नोब्स पुन्हा आत जातो, कोणाला तरी ओढून आणतो, पुन्हा आत जातो. डोंगरावरून वारा सुटला आहे आणि आगीला तो हवाच होता. बघता बघता इमारत पेटते. झप्पाची सगळी वाद्यं आत जळतात. काही लोक जखमी होतात. मृत्यू मात्र एकाचाही होत नाही.

संध्याकाळी डीप पर्पलचे लोक आपल्या हॉटेलच्या खिडकीतून पाहत बसले आहेत. ज्या सभागृहात उद्यापासून वाजवायचं, ते समोर जळतं आहे. वाऱ्याने खाली दाबलेला धूर सरोवरभर पसरला आहे.

क्षणभर माँत्रो सोडा आणि मुंबईकडे पाहा. आदल्याच दिवशी युद्ध सुरू झालं आहे. शहरात ब्लॅकआउट, खिडक्यांच्या काचांना काळे कागद. याच रात्री भारतीय नौदलाच्या क्षेपणास्त्र नौका कराचीवर हल्ला चढवतात आणि तिथल्या बंदरात तेलाच्या टाक्या पेटतात. स्वित्झर्लंडमधल्या एका कॅसिनोला आग लागली, याची इथे त्या दिवशी कोणाला फिकीर असणार? या आगीवर पुढे जे गाणं झालं, ते आपल्याकडे पोचलं तेव्हा त्यामागची तारीख त्याच्यासोबत आली नाही. डिसेंबर १९७१ म्हटलं की आपल्याला दुसरंच आठवतं, आणि ते बरोबरच आहे.

परत माँत्रोला चला. ज्याच्या महोत्सवाची वास्तू जळाली तो नोब्स आता या पाच इंग्रजांसाठी जागा शोधत फिरतो आहे. गावात पॅव्हिलियन नावाचं एक जुनं नाट्यगृह आहे, ते तो मिळवून देतो. तुम्ही तिथे रात्री पोचा. ट्रक बाहेर उभा आहे, जाडजूड केबल दारातून आत गेल्या आहेत. ट्रकमध्ये मार्टिन बर्च हा ध्वनिमुद्रक बसला आहे. आत रिची ब्लॅकमोर गिटारवर एक रिफ, म्हणजे पुन्हापुन्हा येणारी छोटी स्वरावली, वाजवतो आणि इयन पेस ड्रम्सवर ती उचलतो.

घरी पेटी असेल तर ही रिफ तुम्हीही वाजवून पाहू शकता. सा, कोमल ग, शुद्ध म, आणि मधेच निसटता तीव्र म. मूळ स्वर एवढे चारच. ब्लॅकमोर प्रत्येक स्वराला त्याच्या खालच्या स्वराची जोड देतो, दोघांत सा ते म एवढं अंतर ठेवून, आणि दोन्ही तारा एकदम बोटांनी छेडतो. शिकाऊ मुलं हीच रिफ पिकने खरवडून वाजवतात आणि ‘रेकॉर्डसारखी का येत नाही’ म्हणून चिडतात. बोटांनी छेडली की दोन्ही स्वर एकाच क्षणी उमटतात, त्यातच तो ठाशीवपणा आहे. पाठोपाठ झांजा येतात, जॉन लॉर्डचा ऑर्गन येतो. लॉर्डने आपला हॅमंड ऑर्गन गिटारच्या अ‍ॅम्प्लिफायरमधून जोडलेला असतो, त्यामुळे त्याचा आवाज फाटून गिटारच्या आवाजात मिसळतो. मग ड्रम्स आणि शेवटी बेस. एकेक जण आत येतो आणि तुमच्या पायाखालची फळी थरथरायला लागते.

ही थरथर शेजारच्या घरांतही पोचली आहे. लोक अंथरुणातून उठून पोलिसांना फोन करतात. पोलीस येऊन दार ठोठावतात. आत बँडची सामान वाहणारी पोरं दाराला पाठ लावून उभी राहतात, कारण वादन अजून पुरं झालेलं नाही. तुम्हीही खांदा लावा, हरकत नाही. वादन संपतं, दार उघडतं, आणि बँडला तिथून निघावं लागतं. हाती उरतं एक शब्दांवाचूनचं मुद्रण. त्याला नावही धड नाही. ‘शीर्षक क्रमांक १’ म्हणून ते बाजूला ठेवतात.

आता पुन्हा जागेचा शोध. अखेर मिळतं ते ग्रँड हॉटेल, हिवाळ्यासाठी बंद असलेलं, रिकामं आणि गारठलेलं. तळमजल्यावरच्या एका बोळात वाद्यं मांडली आहेत. आवाज घुमू नये म्हणून हॉटेलातल्या गाद्या काढून भिंतींना आणि कोपऱ्यांना टेकवल्या आहेत. एक प्रचंड हीटर घुरघुरतो आहे, लाल दिवे लावले आहेत. वाजवलेलं ऐकायचं तर ट्रकपर्यंत जायला हवं, आणि ती वाट खोल्यांतून, बाल्कन्यांवरून, बर्फ साचलेल्या अंगणातून जाते. दोन-चार वेळा तुम्हीही त्यांच्यासोबत जाऊन या. मग कळेल, की त्यांनी ऐकायला जाणंच का सोडून दिलं. वाजवताना समाधान झालं, की पुढचं गाणं. त्या अल्बममधला जोम या गैरसोयीतून आला आहे, असं माझं ठाम मत आहे. पुन्हापुन्हा ऐकून घासूनपुसून घ्यायची सोयच नव्हती.

२१ डिसेंबरला काम उरकायचं आहे आणि अल्बम काही मिनिटं कमी पडतो. तेव्हा आठवण होते त्या बिननावाच्या मुद्रणाची. शब्द कुठून आणायचे? आगीनंतरच्या एका सकाळी ग्लोव्हर जागा झाला तो तोंडात चार शब्द घेऊनच: ‘स्मोक ऑन द वॉटर’. गिलनला आधी शंका येते, की हे नाव ऐकून लोकांना ड्रग्जचं गाणं वाटेल. पण वेळ थोडा आहे. दोघे बसतात आणि जे घडलं तेच क्रमाने लिहून काढतात: आपण इथे कशाला आलो, कोण वाजवत होतं, आग कशी लागली, कोण धावला, मग आपण कुठे गेलो, तिथे काय होतं. माणसांची नावं खरी, जागांची नावं खरी. कल्पनेचा पसारा नाही, प्रेमबीम नाही. आपल्याकडे शाहीर पोवाड्यात ठिकाणं आणि माणसं जशी नावानिशी सांगतो, तसा हा वृत्तांत आहे. पिस्तूल झाडणाऱ्याला मात्र नाव दिलेलं नाही.

नोब्स पुढे सांगत असे, की बँडने ही टेप त्याला सहज, गंमत म्हणून ऐकवली होती आणि हे अल्बममध्ये आलंच पाहिजे, असं त्यानेच त्यांना बजावलं. बँडला स्वतःला ते पटलेलं नव्हतं, हे घटनांवरूनच दिसतं. ‘मशीन हेड’ हा अल्बम मार्च १९७२ मध्ये आला तेव्हा सिंगल म्हणून त्यांनी निवडलं ते ‘नेव्हर बिफोर’. ते आज किती जणांना आठवतं? ऑगस्टमध्ये जपानच्या दौऱ्यात ‘स्मोक ऑन द वॉटर’ मंचावर फुललं, ते मुद्रण ‘मेड इन जपान’मध्ये आलं, आणि १९७३ च्या उन्हाळ्यात अमेरिकेत सिंगल निघाली तेव्हा ती बिलबोर्डच्या यादीत चौथ्या क्रमांकापर्यंत चढली. याच उन्हाळ्यात गिलन आणि ग्लोव्हर बँड सोडून गेले. ज्या दोघांनी शब्द लिहिले, ते यशाच्या वेळी बँडमध्ये नव्हते.

झप्पाचं दैव त्याहून वाईट. आगीला आठवडाही झाला नव्हता, तोच १० डिसेंबरला लंडनमध्ये प्रेक्षकांतल्या एकाने त्याला मंचावरून खाली ढकललं. तो अनेक महिने चाकांच्या खुर्चीत होता.

अजून एक मुक्काम. एप्रिल १९९५, मुंबई. डीप पर्पल इथे आले आहेत. गिटारवर आता ब्लॅकमोर नाही, स्टीव्ह मोर्स आहे. तुमच्या आजूबाजूला अशी माणसं उभी आहेत, ज्यांनी घासून घासून पातळ झालेल्या कॅसेटवर हे गाणं पाठ केलं. त्यातल्या कितीतरी जणांनी उसन्या गिटारवर पहिल्यांदा काही वाजवलं असेल तर हेच. पहिले चार स्वर आले, की सगळं मैदान ओरडतं. आणि शब्द सुरू झाले, की तो ओरडा ओसरतो. मुंबईतच नव्हे, हे सगळीकडे होतं.

मला ते खटकतं. रिफ थोर आहे, वादच नाही. पण ती आगीच्या गाण्यासाठी सुचलेली नव्हती. मुद्रण झालं तेव्हा त्या रिफला ना विषय होता ना नाव. तिला अर्थ दिला तो शब्दांनी, आणि त्या शब्दांच्या मध्यभागी धुरात आत-बाहेर पळणारा एक माणूस आहे. नोब्सने पुढे चाळीस वर्षं तो महोत्सव चालवला. १९७५ मध्ये कॅसिनो नव्याने उभा राहिला. जानेवारी २०१३ मध्ये, बर्फावर स्कीइंग करताना झालेल्या अपघातानंतर, नोब्स गेला.

गाणं पावणेसहा मिनिटांचं आहे. रिफ ऐकून पुढे सरकू नका. दुसऱ्या कडव्यात क्लॉडचं नाव येतं, निदान तिथपर्यंत ऐका.