पाच वॅटचं कूळ

फेंडर कंपनीचा चॅम्प नावाचा अँप्लिफायर मागून उघडला की आत बघण्यासारखं फारसं काही नसतं. तीन व्हॉल्व्ह, दोन ट्रान्सफॉर्मर आणि आठ इंचांचा एक स्पीकर. वरच्या पट्टीवर एकच नॉब. आवाज त्यानंच वाढवायचा, आणि शून्याच्या मागे नेऊन बंदही त्यानंच करायचा. बास-ट्रेबल कमीजास्त करायची सोय नाही. ताकद जेमतेम पाच वॅट. १९५०च्या दशकात कंपनीच्या यादीत हा सगळ्यात खालच्या पायरीवर होता. शिकणाऱ्या पोरांसाठी, आईबापांच्या खिशाला परवडावा म्हणून केलेला. पुढे शंभर वॅटचे डोंगर उभे राहिले आणि ओसरलेही. आज मात्र घरात बसून गिटार वाजवणारा माणूस चांगल्या आवाजाच्या शोधात निघाला की फिरून याच पाच वॅटवाल्यांच्या दाराशी येतो.

या कुळाचा मूळपुरुष गिटारवाला नव्हे, रेडिओवाला. लिओ फेंडरनं १९३८ साली कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावी रेडिओदुरुस्तीचं दुकान टाकलं. शिक्षण हिशेबनिशीचं, आणि गिटार त्याला शेवटपर्यंत वाजवता आली नाही. पण नादुरुस्त रेडिओ उघडून उघडून एक गोष्ट त्याला पाठ झाली होती. रेडिओत स्टेशन पकडणारा भाग वेगळा आणि पकडलेला आवाज मोठा करणारा भाग वेगळा. स्टेशन पकडणारा भाग वगळून तिथे गिटारचा पिकअप जोडला की झाला गिटारचा अँप्लिफायर. सर्किटं नव्यानं शोधायची गरजच नव्हती. व्हॉल्व्ह बनवणाऱ्या कंपन्या आपापल्या पुस्तिकांमधून ती छापत असत, की लोकांनी पाहून बनवावं आणि आपले व्हॉल्व्ह खपावेत.

गिऱ्हाईक कुठलं? तर हवाईयन गिटारचं. १९१५ साली सॅन फ्रान्सिस्कोत भरलेल्या पनामा-पॅसिफिक प्रदर्शनानंतर अमेरिकेला हवाईच्या संगीताचं वेड लागलं. मांडीवर आडवी ठेवून, तारांवरून पोलादी दांडी सरकवत वाजवायची ही गिटार. १९३२ साली बाजारात आलेली रिकनबॅकरची 'फ्राइंग पॅन', म्हणजे विजेवर चालणाऱ्या गिटारींतली आद्य गिटार, हीसुद्धा याच जातीची. फेंडरनं १९४८ला चॅम्पचा पूर्वज चॅम्पियन ८०० आणि पाठोपाठ चॅम्पियन ६०० काढला. पहिल्यात आठ इंची स्पीकर, दुसऱ्यात सहा इंची. शिकाऊ मुलानं मांडीवरची गिटार आणि हा डबा जोडीनं घ्यावा, असा हिशेब. त्या हवाईयन लाटेचे शिंतोडे आपल्याकडेही उडाले. व्हॅन शिप्ले यांनी त्या गिटारवर वाजवलेल्या चित्रपटगीतांच्या रेकॉर्ड्स निघाल्या आणि ब्रिजभूषण काबरांनी तर तिच्यावर राग मांडले. म्हणजे चॅम्प ज्या वाद्यासाठी जन्मला ते वाद्य आपल्याला परकं नाही. अँप्लिफायर तेवढा ओळखीचा नव्हता.

१९५०च्या दशकाच्या मध्यावर चॅम्पचं ते सर्किट ठरलं ज्याला जाणकार ५एफ१ म्हणतात. तारेतून आलेला क्षीण सिग्नल १२एएक्स७ या छोट्या व्हॉल्व्हमध्ये दोनदा मोठा होतो, मग ६व्ही६ या पॉवर व्हॉल्व्हकडे जातो, तिथून आउटपुट ट्रान्सफॉर्मरमधून स्पीकरला. तिसरा व्हॉल्व्ह ५वाय३. त्याचं काम घरातल्या एसीचा डीसी करण्याचं. यातल्या ६व्ही६कडे जरा थांबून बघायला हवं. मोठ्या अँप्लिफायरमध्ये पॉवर व्हॉल्व्हची जोडी असते. लाटेचा वरचा भाग एक उचलतो, खालचा दुसरा. चॅम्पमध्ये एकट्यालाच दोन्ही भाग उचलायचे, त्यामुळे काही वाजत नसतानाही तो पूर्ण तापलेला असतो. नॉब पुढे नेत गेलं की एका मर्यादेला त्याचा दम संपतो. लाटेचं टोक चपटं होऊ लागतं, पण ट्रान्झिस्टरसारखं एकदम कापलं जात नाही, हळूहळू दबत जातं. आणि दोन्ही बाजू सारख्या दबत नाहीत, एक आधी, दुसरी नंतर. या असमानपणातूनच मूळ स्वराच्या दुप्पट कंपनांचा स्वर, म्हणजे त्याचाच वरच्या सप्तकातला जोडीदार, आवाजात मिसळतो. त्याच्या मागोमाग तिप्पट कंपनांचा पंचमही येतो. तानपुऱ्याची जवारी लावताना घोडी आणि तारेमध्ये सुताचा दोरा सरकवत नेला की एका जागी तार एकाएकी बोलू लागते, स्वयंभू स्वर उमटायला लागतात. चॅम्पचा नॉब सात-आठावर गेला की असंच काहीसं होतं. फरक इतकाच की जवारी मुद्दाम घडवलेली आहे, आणि चॅम्पची ही करामत काटकसरीपोटी घडून गेली.

खुद्द लिओ फेंडरला हे मुळीच नको होतं. फाटलेला आवाज म्हणजे त्याच्या लेखी दोष. त्याची सगळी धडपड अधिक ताकदीच्या, अधिक स्वच्छ अँप्लिफायरसाठी चालली होती. १९६३चा ट्विन रिव्हर्ब ८५ वॅटचा होता तो त्याचसाठी. पण वाजवणाऱ्यांचा कान दुसरीकडेच वळत होता. १९५१ साली मेम्फिसमध्ये सॅम फिलिप्सच्या स्टुडिओत 'रॉकेट ८८' हे गाणं रेकॉर्ड करायला निघालेल्या मंडळींच्या अँप्लिफायरला वाटेत मार बसला. फाटक्या स्पीकरमध्ये कागद कोंबून विली किझार्टनं तसंच वाजवलं. ती खरखर ऐकून लोक नाराज झाले नाहीत, उलट खूश झाले. १९५८ला लिंक रेनं तर 'रंबल'साठी स्पीकरच्या कागदाला स्वतःच्या हातानं भोकं पाडली. दोष आता मागणीचा माल झाला होता.

तरी साठच्या दशकात पारडं मोठ्यांच्या बाजूनं झुकलं, आणि त्यात नवल नाही. श्रोत्यांची गर्दी वाढत होती आणि सभागृहांत गाण्याच्या माइकसाठीची ध्वनियंत्रणा अजून कच्ची होती. गिटारला स्वतःच्या बळावर शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचायचं होतं. लंडनच्या हॅनवेल भागात ड्रम विकणाऱ्या जिम मार्शलनं १९६२ साली फेंडरच्या बासमन अँप्लिफायरवरून आपला जेटीएम४५ बनवून घेतला. १९६५च्या सुमारास गिटारवादक पीट टाउनशेंडच्या हट्टापायी शंभर वॅटचा मार्शल आला आणि स्टेजवर स्पीकरपेट्यांच्या भिंती चढू लागल्या. १९६६ला जॉन मेयॉलच्या बँडबरोबर रेकॉर्डिंग करताना एरिक क्लॅप्टननं मार्शल एवढा चढवून ठेवला होता की स्टुडिओतल्या तंत्रज्ञांनी कपाळाला हात लावला. कमी आवाजात तो तसा वाजत नाही, हे त्याचं म्हणणं अगदी बरोबर होतं.

हाच क्लॅप्टन चार वर्षांनी मायामीच्या क्रायटेरिया स्टुडिओत 'लैला' हा अल्बम करायला बसला, तेव्हा त्याच्यासमोर होता चॅम्प. त्याच्या आधी, १९६८ला, जिमी पेजनं लेड झेपेलिनच्या पहिल्या अल्बमसाठी सुप्रो कंपनीचा छोटा, स्वस्तातला अँप्लिफायर वापरला होता. रेकॉर्ड ऐकणाऱ्याला खोली दिसत नाही, फक्त माइकनं पकडलेलं ऐकू येतं. माइक स्पीकरपासून चार बोटांवर ठेवला की पाच वॅट आणि शंभर वॅट यांतला आकाराचा फरक पुसला जातो, उरतो तो व्हॉल्व्ह किती जिवावर उदार होऊन काम करतोय एवढाच. पोरांचा अँप्लिफायर उस्तादांच्या हातात गेला तो असा.

स्टुडिओत हे जमलं, घराचं काय? इथे एक गैरसमज आड येतो आणि त्याच्यावर लोकांचे बरेच पैसे जातात. पाच वॅट म्हणजे पन्नास वॅटच्या दहावा हिस्सा आवाज, असं सगळे धरून चालतात. कान तसा हिशेब करत नाही. ताकद दहापट वाढली की आवाज दहा डेसिबलनं वाढतो, आणि दहा डेसिबलची वाढ कानाला साधारण दुप्पट वाटते. म्हणजे पाच वॅटचा चॅम्प पन्नास वॅटच्या मार्शलच्या निम्म्याइतका मोठा! गिटारचे बरेचसे स्पीकर एका वॅटला, एक मीटरवर ९५ ते १०० डेसिबल आवाज देतात. पाच वॅटला त्यात सात मिळवा. आपल्याकडे निवासी भागासाठी कायद्यानं घातलेली मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे. ती वस्तीतल्या हवेतली मोजणी आहे, स्पीकरसमोरची नव्हे, मधे भिंतीही येतात, म्हणून सरळ वजाबाकी करता येत नाही. पण शेजारी दार का वाजवतात ते कळायला एवढे आकडे पुरेत. अर्धा वॅट केला तरी आवाज निम्म्यावरच येतो.

मग ताकद आणि आवाज यांची फारकत करण्याच्या युक्त्या निघाल्या, आणि कुळाच्या शाखा फुटल्या. रँडल स्मिथ या कॅलिफोर्नियातल्या दुरुस्तीवाल्यानं बारा वॅटच्या फेंडर प्रिन्सटनच्या छोट्या खोक्यात मोठ्या अँप्लिफायरचं सर्किट ठासून भरलं, त्यातून मेसा बूगी ही कंपनी उभी राहिली. पुढे त्यानं सुरुवातीच्या छोट्या व्हॉल्व्हनाच एकामागून एक जोडून फाडायचं आणि शेवटी मास्टर व्हॉल्यूमनं आवाज आवरायचा, हा मार्ग रुळवला. सोयीचा मार्ग, पण छोट्या व्हॉल्व्हचं फाटणं जरा किरकिरं, माशीसारखं गुणगुणणारं असतं. पॉवर व्हॉल्व्हचा भरीवपणा त्यात येत नाही. बोस्टन बँडचा टॉम शोल्झ हा एमआयटीत शिकलेला इंजिनियर. त्यानं १९८०च्या सुमारास पॉवर सोक विकायला काढला. अँप्लिफायर खुशाल पूर्ण चढवा, स्पीकरच्या वाटेवरची बरीचशी ताकद या डबीतले रेझिस्टर उष्णता करून घालवतात.

चॅम्पचं उत्पादन १९८२ला थांबलं, पण गेल्या वीस वर्षांत धाकटी पाती भराभर आली. एपिफोनचा स्वस्तातला व्हॉल्व्ह ज्युनियर पाच वॅटचा. त्याच्यावर हौशी लोकांनी सोल्डरिंग शिकून घेतलं. फेंडरनं २००७ला चॅम्पियन ६०० पुन्हा काढला. व्हॉक्स कंपनीनं आपल्या एसी४टीव्हीला चार, एक आणि पाव वॅटचं बटण दिलं. मार्शलनं पन्नाशी साजरी केली ती एक वॅटची मालिका काढून. ज्या नावानं भिंती रचल्या त्याच नावावर एक वॅट!

माझ्या मते वॅट मोजत बसण्यापेक्षा स्पीकरकडे आधी बघावं. छोट्या अँप्लिफायरचा आवाज पेटीत कोंडल्यासारखा येतो तो सर्किटमुळे नाही, आठ इंची स्पीकर आणि वीतभर पेटीमुळे. तोच अँप्लिफायर बारा इंची स्पीकरच्या वेगळ्या पेटीला जोडला की ओळखू येत नाही. ओहमचा आकडा तेवढा जुळवून घ्यायचा, आणि स्पीकर न जोडता व्हॉल्व्हचा अँप्लिफायर कधीही चालू करायचा नाही, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळतो. पेटी जमिनीवर पायाशी ठेवली तर वाजवणाऱ्याच्या घोट्यांना छान ऐकू येतं. ती खुर्चीवर चढवावी, कानाच्या दिशेनं कलवावी. अँप्लिफायर चढा ठेवून गिटारवरच्या नॉबनं आवाज साफ किंवा फाटका करावा, हा मोठ्यांचा रिवाज घरातही चालतो. आवाज फारच लवकर फाटत असेल तर १२एएक्स७च्या जागी १२एवाय७ बसवावा. तो त्याच खाचेत बसतो आणि वाढवतो निम्म्याहून कमी. बास-ट्रेबल लावायचे ते ज्या पातळीवर वाजवणार त्याच पातळीवर. हार्वे फ्लेचर आणि वाइल्डन मन्सन यांनी १९३३ सालीच दाखवून दिलं आहे की आवाज हळू झाला की कानाला खर्ज आणि टीप दोन्ही कमी ऐकू येतात. दुपारी मोठ्यानं लावलेला सुरेख आवाज रात्री पुळचट वाटतो तो म्हणून.

व्हॉल्व्हचा पुरवठा आता रशियातल्या सारातोव, स्लोव्हाकियातल्या चाडत्सा आणि चीनमधल्या कारखान्यांच्या जिवावर चालतो. एके काळी ते आपल्याकडेही बनत. बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सनं रेडिओसाठी काढलेले ईसीसी८३ आणि ईएल८४ अजून शौकीन शोधत असतात. ईसीसी८३ म्हणजे १२एएक्स७चंच युरोपी नाव, आणि ईएल८४ म्हणजे व्हॉक्सचा प्राण. तेव्हा माळ्यावरच्या जुन्या रेडिओत पाच वॅटचा अँप्लिफायर तयार बसलेला असू शकतो, मागे 'पिकअप'चं सॉकेटसुद्धा असतं. मोह होणार. पण मागचं पुठ्ठ्याचं झाकण काढून आधी व्हॉल्व्हवरची अक्षरं वाचा. 'ई'नं सुरू होत असतील तर आत बहुधा पॉवर ट्रान्सफॉर्मर आहे. तरी जाणत्या मेकॅनिककडून तपासून घ्या, कारण बंद संचातल्या कपॅसिटरमध्येही दोनतीनशे व्होल्ट साठून राहतात. 'यू'नं सुरू होत असतील, यूसीएल८२, यूएल८४ वगैरे, तर तो एसी-डीसी संच. त्यात पॉवर ट्रान्सफॉर्मर नसतो, आतली लोखंडी बैठक थेट घरातल्या २३० व्होल्टला जोडलेली असते, आणि गिटारच्या तारा त्या बैठकीला जोडल्या जातात. त्याला गिटार लावू नका, त्याच्यावर बातम्या ऐका.